पान्हा, माया आणि नऊ मण्यांची माळ

मोठी माय म्हणजे माझ्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको. पारोळा तालुक्यातलं आमचं गाव, घरामागे गोठा, गोठ्यात दोन म्हशी. त्यातल्या एकीचं पारडू आठव्या दिवशी गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मोठी माय धारेला बसली, तर म्हैस दगडासारखी उभी. कास टच्च भरलेली, पण चार चिळकांड्या आल्या आणि सड कोरडे. पुढ्यात सरकीची ढेप ओतली, कास कोमट पाण्याने धुतली, पाठीवरून हात फिरवला. काही नाही. "चोरस ती," मोठी माय म्हणाली, म्हणजे दूध चोरून धरते. "तिले तिना पारडूना वास जोयजे."

शेजारच्या एका म्हाताऱ्याने ही वेळ येणार हे ओळखून पारडू पुरण्याआधीच त्याचं कातडं काढून ठेवायला सांगितलं होतं. त्यात भुसा भरला, खाली चार काठ्या लावल्या आणि ते सोंग म्हशीपुढे उभं केलं. मी तेव्हा सातवीत होतो, कडब्याच्या पेंडीवर बसून बघत होतो. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं होती, एका बाजूने भुसा बाहेर येत होता. म्हशीने ते हुंगलं, मग चाटायला लागली. मिनिट-दोन मिनिटं गेली असतील. सड फुगले, आणि मोठी माय काही न बोलता बसली, डोकं म्हशीच्या कुशीला टेकवून. चरवीत धार वाजू लागली.

आता मी तालुक्याच्या गावी कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतो. दर वर्षी हार्मोनचा धडा आला की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "सर, ऑक्सिटोसिन म्हणजे लव्ह हार्मोन ना?" रील बघून आलेलं ज्ञान. मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. आधी मोठ्या मायच्या म्हशीची गोष्ट सांगतो, मग लॅरी यंग नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाची. दोन्ही गोष्टी ऐकून झाल्या की तो प्रश्न पोरं पुन्हा तशाच शब्दांत विचारत नाहीत.

पण यंगच्या आधी ते रसायन. १९०६ साली लंडनमध्ये हेन्री डेल यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क गाभण मांजरीला टोचला, तर तिचं गर्भाशय आकसलं. पुढे याच अर्कातल्या रसायनाला ऑक्सिटोसिन हे नाव पडलं, ग्रीकमध्ये त्याचा अर्थच 'झटपट बाळंतपण'. १९५३ मध्ये व्हिन्सेंट दु विन्यो यांनी त्याची रचना उलगडली आणि ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखवलं. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. नऊ अमिनो आम्लांची ती इवलीशी माळ. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून आजही दवाखान्यात याच माळेचं १० युनिटचं इंजेक्शन देतात, आणि त्याने असंख्य बायका वाचल्या आहेत.

या माळेतले दोनच मणी बदलले की तिची बहीण तयार होते, व्हासोप्रेसिन. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा दुपारभर उन्हात हिंडून आलं की लघवी थोडी आणि पिवळीजर्द होते ना? ती व्हासोप्रेसिनची करणी. मूत्रपिंडांना ते बजावतं, पाणी सोडू नका. एक बहीण बाळंतपण सांभाळते, दुसरी पाणी. दोघींचा मायेशी काही संबंध असेल असं १९५३ साली कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

मराठीने मात्र हा संबंध कधीच लावून ठेवलाय. 'पान्हा फुटला' म्हणजे दूध उतरलं की माया दाटून आली? दोन्ही. एकाच शब्दात दोन्ही गोष्टी घालून आपण मोकळे. शास्त्राला हे कळायला विसावं शतक जवळजवळ संपावं लागलं, आणि कळलं तेव्हा त्यातली मेखही कळली. दुधाचा पान्हा आणि मायेचा पान्हा यांचं रसायन एक आहे, पण जागा वेगळ्या आहेत.

आधी दुधाचं बघू. कासेत दूध टाकीत साठावं तसं साठलेलं नसतं. ते असतं लाखो बारीक पिशव्यांमध्ये, आणि म्हशीत तर सडाच्या वरच्या पोकळीत फारच थोडं उतरलेलं असतं. म्हणून त्या पहिल्या चार चिळकांड्या. प्रत्येक पिशवीभोवती स्नायूच्या पेशींचं जाळं असतं. पारडूचा वास आला, त्याने ढुशी दिली की मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात सुटतं, कासेपर्यंत पोचतं, जाळं आवळलं जातं आणि दूध खाली येतं. १९४१ मध्ये अमेरिकेत एली आणि पीटरसन या दोघांनी गाईच्या अर्ध्या कासेचे मज्जातंतू तोडून पाहिले. त्या अर्ध्यातही पान्हा आलाच, म्हणजे निरोप मज्जातंतूतून नव्हे, रक्तातून येतो. त्यांनीच गाईच्या पाठीवर मांजर ठेवून शेजारी कागदी पिशव्या फोडून बघितल्या. गाय घाबरली, दूध थांबलं. धारेच्या वेळी गोठ्यात आरडाओरडा करणाऱ्या पोरांना मोठी माय हाकलून लावायची, ते उगाच नाही.

आता मायेचं. इथे मी वर्गात दवंडीचा दाखला देतो. हार्मोन म्हणजे दवंडी. 'उद्या सकाळी पाण्याचा टँकर येणार' अशी दवंडी गावभर फिरते, पण ती ऐकून हंडे घेऊन कोण धावेल? ज्या घरात ऐकणारा कान आहे ते. शरीरात या कानाला रिसेप्टर म्हणतात, पेशीवर बसलेला एक प्रथिनाचा रेणू. कासेतल्या पेशींना हा कान आहे म्हणून त्या आवळतात, गर्भाशयाला आहे म्हणून ते आकसतं. दवंडी एकच, पण ऐकणारा जिथे बसलाय तिथलं काम होतं.

दुसरी गोष्ट, मेंदूला वेस आहे. रक्तातल्या बहुतेक मोठ्या रेणूंना त्या वेशीतून आत जाता येत नाही, ऑक्सिटोसिनलाही फारसं नाही. मेंदू ते स्वतः बनवतो, थोडं पिट्यूटरीवाटे बाहेर रक्तात सोडतो आणि थोडं आतल्या आत वेगळं वापरतो. गावाबाहेरची दवंडी वेगळी, गावातली वेगळी. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

१९७९ मध्ये पेडरसन आणि प्रँज या संशोधकांनी कधीच न व्यालेल्या उंदरीणींच्या थेट मेंदूत ऑक्सिटोसिन सोडलं. अशा उंदरीणी एरवी पिल्लांपासून लांब पळतात, प्रसंगी खाऊनही टाकतात. त्या पिल्लं उचलून आणायला, चाटायला, घरटं करायला लागल्या. मग केंब्रिजला कीव्हर्न आणि केंड्रिक मेंढ्यांकडे वळले. मेंढीचं प्रकरण आपल्याकडच्या कुठल्याही मेंढपाळाला तोंडपाठ असतं: व्याल्यानंतर पहिल्या काही तासांत ती कोकराचा वास मनात धरते. त्यानंतर तेच कोकरू तिचं. दुसरं जवळ आलं तर डोक्याने उडवून लावते. केंब्रिजवाल्यांनी दाखवलं की हे दार प्रसूतीच्या कळांनी उघडतं. कळा येताना मेंदूत ऑक्सिटोसिन सुटतं. मेंदूत ते बाहेरून सोडलं तर न व्यालेली मेंढीसुद्धा परक्या कोकराला चाटू लागते.

यातली एक गोष्ट रीलवाले कधी सांगत नाहीत. त्याच घटकेला, त्याच वासावर, मेंढी एकाची आई होते आणि बाकी सगळ्यांची वैरीण. साक्रीच्या बाजूला ठेलारी मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पडलेला असताना मी हे डोळ्यांनी पाहिलंय. नुकतीच व्यालेली मेंढी आपल्या कोकराला हळुवार घुमत चाटत होती आणि मध्येच वळून दुसऱ्या भुकेल्या कोकराला अशी धडक दिली की ते दोन हात लांब जाऊन पडलं. माया म्हणजे सगळ्यांवर सारखं प्रेम नव्हे. माया निवड करते.

ही निवड मेंदूत कुठे होते, याच प्रश्नावर लॅरी यंग यांनी आयुष्य घालवलं. जन्म १९६७, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं सिल्व्हेस्टर हे खेडवळ गाव. भुईमुगासाठी ते गाव प्रसिद्ध आहे, म्हणजे आपल्या माणसाला तिथे फार परकं वाटलं नसतं. तिथून ते जॉर्जिया विद्यापीठात जीवरसायन शिकले, मग टेक्सासला पीएच.डी. केली ती सरड्यांवर. व्हिपटेल नावाच्या या सरड्यांच्या काही जातींत नरच नसतात, सगळ्या माद्या, तरी एकमेकींशी जोडीचं वर्तन करतात. हार्मोन, जनुक आणि वागणं यांचं गणित मांडायला इतका विचित्र प्राणी दुसरा मिळाला नसता. १९९० च्या दशकात ते अटलांटाच्या एमरी विद्यापीठात टॉम इन्सेल यांच्या प्रयोगशाळेत आले, आणि तिथे त्यांना व्होल भेटला.

व्होल म्हणजे आपल्या शेतातल्या उंदराचा आखूड शेपटीचा, गोलमटोल चुलतभाऊ. याची कहाणी सुरू होते इलिनॉयच्या गवताळ रानात. १९७० च्या दशकात लोवेल गेट्झ हे तिथे जिवंत पकडायचे सापळे लावून प्रेअरी व्होल मोजत होते. त्यांना दिसलं की एकाच सापळ्यात वारंवार तोच नर आणि तीच मादी सापडतात. इतर जातींत असं होत नव्हतं. सस्तन प्राण्यांत जोडीने राहणाऱ्या जाती मुळात मोजक्याच. गेट्झ यांनी ही गोष्ट स्यू कार्टर यांना सांगितली आणि कार्टर यांनी प्रयोगशाळेत तपासायला घेतली. पद्धत साधी, तीन खोल्यांचा पिंजरा. एका टोकाला ओळखीचा जोडीदार बांधलेला, दुसऱ्या टोकाला अनोळखी, मधल्या खोलीत मोकळा सोडलेला व्होल. तीन तासांत तो कुणाला चिकटून बसतो ते मोजायचं. प्रेअरी व्होल जोडीदारालाच चिकटतो. त्याचेच भाऊबंद असलेले मेडो आणि माँटेन व्होल मात्र बहुतेक एकटेच बसतात.

१९९२ मध्ये इन्सेल आणि शापिरो यांनी दोन जातींच्या मेंदूंचे काप शेजारी ठेवले. ऑक्सिटोसिन दोघांतही होतं. फरक होता कानांत. प्रेअरी व्होलच्या मेंदूत सुख आणि बक्षिसाच्या जागी, न्यूक्लियस ॲकम्बन्समध्ये, रिसेप्टर दाटीने होते, माँटेन व्होलच्या त्याच जागी तुरळक. दवंडी दोन्ही गावांत तीच, पण एका गावात ऐकणारे सावकाराच्या पेढीत बसलेत, दुसऱ्यात कुठेतरी ओसरीवर. नरांमध्ये हेच काम बरंचसं व्हासोप्रेसिन करतं, हे १९९३ मध्ये दिसलं. पाणी राखणारी बहीण नर व्होलकडून बायको आणि घर राखून घेते.

यंग यांनी इथून पुढचं पाऊल टाकलं, आणि माझ्या मते सगळ्यात धाडसाचं. कान कुठे आहेत हे नुसतं बघण्याऐवजी त्यांनी ते हलवून पाहिले. १९९९ मध्ये त्यांच्या गटाने प्रेअरी व्होलचं व्हासोप्रेसिन रिसेप्टरचं जनुक साध्या उंदरात घातलं, तर त्या उंदराच्या मेंदूतली रिसेप्टरची मांडणी व्होलसारखी झाली आणि व्हासोप्रेसिन दिल्यावर तो मादीजवळ जास्त घुटमळू लागला. २००४ मध्ये मिरांडा लिम आणि यंग यांनी एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर हेच जनुक बसवून एकट्या राहणाऱ्या मेडो व्होलच्या मेंदूत नेमक्या जागी पोचवलं. तो भटका नर तीन खोल्यांच्या पिंजऱ्यात जोडीदाराला चिकटून बसला. एक जनुक, एक जागा, आणि वागणं बदललं.

वर्तमानपत्रांनी मग जे करायचं तेच केलं. 'निष्ठेचं जनुक' असे मथळे आले. २००८ मध्ये स्वीडनमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात पुरुषांच्या त्याच जनुकातला एक फरक संसाराच्या कुरबुरींशी किंचित जोडलेला दिसला, तेव्हा तर पत्रिकेसोबत जनुकही जुळवा एवढंच म्हणायचं राहिलं होतं. यंग खेड्यातून आलेले, गोष्ट सांगण्यात वाकबगार, प्रेमावर मोकळेपणाने बोलणारे. त्यामुळे मथळ्यांना खाद्य मिळत गेलं यात थोडा दोष त्यांच्याकडेही जातो असं मला वाटतं. पण त्यांचा मुख्य मुद्दा रसायनाचा नव्हताच, मांडणीचा होता. वास ओळखणारी जागा आणि सुखाची जागा एका वेळी पेटली की 'हाच तो' अशी खूणगाठ बसते. त्यात फ्लोरिडात झुओशिन वँग यांनी दाखवल्याप्रमाणे डोपामिन हे मेंदूतलं दुसरं रसायनही लागतं. एकटं ऑक्सिटोसिन खूणगाठ बांधत नाही.

माणसांवर आलो की घसरगुंडी सुरू होते. २००५ मध्ये झुरिकमध्ये पुरुषांच्या नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारून पैशांचा खेळ खेळवला. आपली सगळी रक्कम अनोळखी माणसाच्या हवाली करणारे फवारावाल्या २९ जणांत १३ निघाले, साध्या पाण्याच्या फवाऱ्यावाल्या २९ जणांत ६. जगभर गाजावाजा झाला, विश्वासाच्या कुप्या ऑनलाइन विकायला आल्या. २०२० मध्ये तोच प्रयोग ६७७ लोकांवर नीट आखून पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. ऑटिझम असलेल्या २९० मुलांना २४ आठवडे फवारा देऊन पाहिला. २०२१ मध्ये निकाल आला, साध्या फवाऱ्याहून ठळक फायदा नाही. त्या मुलांच्या आईबापांनी किती आशा लावली असेल, ते मला आकड्यांपेक्षा जास्त टोचतं. तिकडे नेदरलँड्समधल्या काही प्रयोगांत फवाऱ्याने 'आपल्या' लोकांकडे कल वाढताना दिसला. ठेलाऱ्यांच्या वाड्यावरची ती धडक आठवली.

आणि जानेवारी २०२३ मध्ये खुद्द व्होलनेच सगळ्यांना चक्रावून टाकलं. देवानंद मनोली आणि निराव शाह यांच्या गटांनी जनुकाची कात्री वापरून ऑक्सिटोसिनचा रिसेप्टरच नसलेले प्रेअरी व्होल जन्माला घातले. ते जोडीदाराला चिकटले. त्यांची पिल्लं झाली, माद्यांनी पाजलीही, जरी दूध सुटेपर्यंत तगलेली पिल्लं कमी होती. मग आधीचं सगळं खोटं? तसं नाही. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचा रिसेप्टर औषधाने अचानक बंद करणं वेगळं आणि जन्मापासून तो नसणं वेगळं. गावातली एकच विहीर एका रात्रीत आटली तर हाहाकार होतो, पण जिथे विहीर कधी नव्हतीच तिथे लोकांनी नदीवरून पाट काढलेला असतो. मेंदूही वाढता वाढता दुसरा पाट काढत असावा, असं या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. वाद अजून मिटलेला नाही. यंग यांना तो पुढे नेता आला नाही, मार्च २०२४ मध्ये ते गेले. वय ५६.

आता ती वेस. आपल्याकडे ऑक्सिटोसिन माहीत आहे ते गोठ्यातल्या सुईमुळे. पारडू मेलं किंवा मुद्दाम उपाशी ठेवलं, तरी सुई टोचली की म्हैस दूध सोडते. दूध काढण्यासाठी असं टोचणं प्राण्यांच्या छळाच्या कायद्याने गुन्हा आहे. २०१८ मध्ये केंद्राने खासगी कंपन्यांना हे औषध बनवायलाच बंदी घातली होती, पण बाळंतिणींना ते मिळेनासं होईल या मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती रद्द केली. अशा दुधातून ऑक्सिटोसिन आपल्या अंगात शिरतं का, हे मला पालक नेहमी विचारतात. ती प्रथिनासारखी माळ आहे, डाळीतल्या प्रथिनासारखीच पोटात तुटते. म्हणून तर ती गोळीने देत नाहीत, टोचतात. हाल होतात ते म्हशीचे. रक्तातली ती दवंडी कासेपर्यंत पोचते, काही मिनिटांत विरते, आणि वेशीच्या आत फारशी जात नाही. दूध येतं. पारडू म्हशीच्या पुढ्यात असो नसो, तिच्या लेखी काही घडलेलंच नसतं.

मोठ्या मायकडेही एकदा कुणीतरी ती बाटली घेऊन आला होता. तिने बाटली उलटीपालटी करून बघितली, वास घेतला आणि परत दिली. भुशाचं पारडू तोवर पावसात कुजून गेलं होतं. पण तोपर्यंत म्हैस दुसरंच काही शिकली होती. पहाटे मोठी माय ढेपेचं टोपलं खाली ठेवायची, चरवीची कडी वाजायची, आणि एवढ्या आवाजावर म्हशीच्या सडांतून थेंब गळायला लागायचे. मोठी माय खाली बसायच्याही आधी.